वाय-फाय फिंगरप्रिंटिंग: प्रयोगात 1.7 मीटर, चार महिन्यांनी 6.9 मीटर, चूक नेमकी कुठे झाली?

चौथामजला (प्रश्नकर्ता)

नमस्कार. मी पदव्युत्तर संशोधनासाठी इमारतीच्या आतील स्थाननिश्चिती हा विषय घेतला असून गेले वर्षभर एका चार मजली शैक्षणिक इमारतीत काम करीत आहे. इमारतीत आधीपासून असलेल्या वाय-फाय ॲक्सेस पॉइंटखेरीज (वाय-फाय सिग्नल पुरवणाऱ्या डब्यांखेरीज) दुसरे कोणतेही उपकरण वापरायचे नाही, अशी अट मी सुरुवातीलाच घालून घेतली, कारण नवीन उपकरणे बसवण्याची परवानगी आणि निधी या दोन्ही गोष्टी माझ्या हाती नाहीत.

पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे, फिंगरप्रिंटिंग: प्रत्येक जागी कोणता सिग्नल किती तीव्र आहे ते आधी नोंदवून ठेवायचे आणि नंतर आलेली नवी नोंद त्या नोंदींशी जुळवून स्थान ओळखायचे. कॉरिडॉर आणि मोठ्या खोल्यांमध्ये दीड-दीड मीटरवर बिंदू आखले. ते एकूण 312 झाले. प्रत्येक बिंदूवर उभे राहून, एकच फोन हातात धरून, दिसणाऱ्या सर्व ॲक्सेस पॉइंटच्या सिग्नल-तीव्रतेच्या वीस नोंदी घेतल्या. हे काम आटोक्यात राहावे म्हणून फोनच्या डेव्हलपर पर्यायांत जाऊन वाय-फाय स्कॅनवरची मर्यादा बंद केली होती. सर्व नोंदी एकत्र करून त्यांतील 80 टक्के प्रशिक्षणासाठी आणि 20 टक्के चाचणीसाठी यादृच्छिकपणे निवडल्या, आणि पाच निकटतम शेजाऱ्यांच्या, म्हणजे सर्वांत जास्त जुळणाऱ्या पाच नोंदींच्या, स्थानांची सरासरी काढून स्थान ठरवले. सरासरी त्रुटी 1.7 मीटर आली. मार्गदर्शकांनाही हा निकाल समाधानकारक वाटला.

चार महिन्यांनी हीच प्रणाली एका मित्राच्या फोनवर, त्याला इमारतीत फिरवून तपासली, तेव्हा सरासरी त्रुटी 6.9 मीटर निघाली आणि साधारण दर नवव्या वेळी मजलाच चुकला. तेव्हापासून मी अडून बसलो आहे. निकटतम शेजाऱ्यांची पद्धत दुबळी ठरली म्हणून न्यूरल नेटवर्क वापरावे, की बिंदू अधिक दाट आखून सर्वेक्षण पुन्हा करावे, की केवळ वाय-फायवर विसंबून राहण्याचा निर्णयच चुकला? ज्यांनी या विषयात प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी कृपया स्पष्ट मत द्यावे. कठोर असले तरी चालेल.

कसोटी

आपल्या तीन प्रश्नांकडे वळण्याआधी मला 1.7 हा आकडाच तपासावासा वाटतो, कारण माझ्या मते आपली प्रणाली चार महिन्यांत बिघडलेली नाही. ती पहिल्या दिवशीही इतकी अचूक नव्हती.

आपण एका बिंदूवर वीस नोंदी घेतल्या आणि मग सर्व नोंदींची सरमिसळ करून विभागणी केली. म्हणजे चाचणीसाठी बाजूला काढलेल्या प्रत्येक नोंदीची साधारण सोळा भावंडे प्रशिक्षणाच्या संचात शिल्लक राहिली, आणि तीही त्याच जागी, त्याच फोनवर, त्याच हाताने, काही सेकंदांच्या अंतराने घेतलेली. निकटतम शेजारी शोधायला सांगितल्यावर संगणक ही भावंडे शोधून काढणारच. त्यात स्थान ओळखण्याची क्षमता मोजली गेली नाही, स्मरणशक्ती मोजली गेली. इतकी भावंडे हाताशी असूनही 1.7 मीटरची चूक उरते, यावरून सिग्नल त्या काही सेकंदांतही किती हलतो ते लक्षात यावे. न्यूरल नेटवर्क लावल्यास ही स्मरणशक्ती आणखी तल्लख होईल, कागदावरचा आकडा कदाचित एका मीटरच्या खाली जाईल, आणि आपल्या मित्राला त्याचा काहीही उपयोग होणार नाही.

ही चूक आपल्या एकट्याची नाही. प्रकाशित लेखांतही ती सर्रास आढळते, आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते, कारण या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांनी ती केली नव्हती. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधील परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन यांची ‘रडार’ ही प्रणाली 2000 साली प्रसिद्ध झाली. एकाच मजल्यावर तीन बेस स्टेशन, 70 बिंदू, प्रत्येक बिंदूवर चार दिशांना तोंड करून घेतलेल्या नोंदी, एवढीच त्यांची सामग्री होती. मात्र एखाद्या बिंदूची परीक्षा घेताना त्यांनी तो बिंदू पूर्णपणे बाहेर ठेवला आणि उरलेल्या 69 बिंदूंमध्ये शोध घेतला. मध्यक त्रुटी 2 ते 3 मीटर आली. आपल्या इमारतीत चार मजले आणि वर्दळ हे सर्व असताना, नुसत्या सिग्नल-तीव्रतेवर त्याहून चांगला आकडा दिसला, तर पहिली शंका मोजमापावरच घ्यायला हवी होती.

स्पेनमधील जाउमे पहिला विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 साली खुला केलेला ‘यूजेआय-इनडोअर-लॉक’ हा माहितीसंच आपण पाहिला नसेल तर अवश्य पाहा. तीन इमारती, 520 ॲक्सेस पॉइंट, प्रशिक्षणासाठी 19,937 नोंदी, तपासणीसाठी वेगळ्या 1,111 नोंदी. आणि महत्त्वाचे म्हणजे तपासणीच्या नोंदी प्रशिक्षणानंतर चार महिन्यांनी घेतलेल्या आहेत. आपल्याकडे योगायोगाने नेमके तेच घडले आहे. म्हणून माझी विनंती आहे की 6.9 मीटर हा आकडा अपयश म्हणून लपवू नका. आपल्या प्रबंधातला तो सर्वांत प्रामाणिक आकडा आहे.

आता करायचे काय? आहे त्याच नोंदींची विभागणी नव्याने करा. आधी संपूर्ण बिंदू बाहेर ठेवून चाचणी घ्या, मग सलग कॉरिडॉर बाहेर ठेवून, मग वेगळ्या दिवसाच्या नोंदींवर आणि शेवटी वेगळ्या फोनवर. प्रत्येक पायरीला त्रुटी किती वाढते ते पाहिले की कोणता घटक किती नुकसान करतो हे आपोआप उलगडेल. त्याबरोबर सरासरीचा नाद सोडा. इमारतीतील स्थाननिश्चितीवरील आयपिन परिषद 2010 पासून भरते. तिच्याशी जोडलेल्या स्पर्धेत निकाल लावताना त्रुटींचा तिसरा चतुर्थक पाहिला जातो, म्हणजे 75 टक्के वेळा त्रुटी ज्याच्या आत राहिली तो आकडा, आणि मजला चुकल्यास दर मजल्यामागे 15 मीटरचा दंड त्रुटीत मिळवला जातो. चालणाऱ्या माणसाच्या दृष्टीने मजला चुकणे ही किती मोठी फसवणूक आहे, हे त्या दंडातून नीट व्यक्त होते.

तरंगलांबी

कसोटी यांनी मोजमापाविषयी सांगितले ते पूर्णपणे पटते. मी फक्त आपल्या नोंदींत प्रत्यक्ष काय बदलले असावे, याविषयी लिहितो, कारण सगळा दोष विभागणीच्या पद्धतीवर टाकला तर भौतिकशास्त्रावर अन्याय होईल.

पहिली गोष्ट फोनची. फोन सिग्नलची तीव्रता म्हणून जो आकडा देतो, तो कोणत्याही प्रमाणित मापाशी जुळवलेला नसतो. अँटेनाची जागा, फोनचे आवरण, चिप आणि तिचे सॉफ्टवेअर यांनुसार एकाच जागी उभे राहून दोन फोनांच्या आकड्यांत कित्येक डेसिबलचा फरक सहज पडतो. हा फरक बऱ्याच अंशी सर्व ॲक्सेस पॉइंटना सारखाच लागू होतो. त्यामुळे मूळ आकड्यांऐवजी दोन ॲक्सेस पॉइंटमधील फरक घेतला, किंवा नुसता सर्वांत प्रबळ कोण, दुसरा कोण असा क्रम घेतला, तर त्याचा परिणाम पुष्कळ कमी होतो. आपल्या मित्राच्या फोनवरील जुन्या नोंदींवर हा उपाय आजच करून पाहता येईल.

दुसरी गोष्ट माणसाच्या शरीराची. 2.4 गिगाहर्ट्झची लहर सुमारे 12.5 सेंटिमीटर लांबीची असते, आणि शरीरातील पाणी ही लहर बऱ्यापैकी शोषून घेते. ‘रडार’च्या लेखातही आहे की केवळ वापरणाऱ्याने तोंड फिरवल्यामुळे सिग्नलमध्ये 5 डेसिबलपर्यंत फरक पडत होता. भिंतींवरून आणि लोखंडी कपाटांवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, तेव्हा लहरीच्या अर्ध्या लांबीइतके, म्हणजे जेमतेम सहा सेंटिमीटर सरकल्यानेही आपण प्रबळ जागेतून क्षीण जागेत जाऊ शकतो. बिंदू दाट आखून हा प्रश्न सुटत नाही. त्या दाटीने आपण फक्त त्या दिवशीचा गोंधळ अधिक बारकाईने नोंदवाल.

तिसरी गोष्ट ॲक्सेस पॉइंटची. मोठ्या इमारतींतील व्यवस्थापित जाळ्यांमध्ये ते आपली प्रक्षेपणशक्ती आणि चॅनेल स्वतःच बदलत राहतात. एकच उपकरण अनेक नावांनी अनेक पत्ते प्रक्षेपित करते, म्हणून आपल्या यादीतील शंभर ‘ॲक्सेस पॉइंट’ प्रत्यक्षात पंचवीस डबे असू शकतात. याउलट विद्यार्थ्यांच्या फोनवरचे हॉटस्पॉट यादीत घुसलेले असतील तर ते चालते-फिरते खांब आहेत. ते आधी काढून टाका.

सर्वांत काळजीची बाब मात्र आपण प्रश्नात ओझरती सांगून गेला आहात. स्कॅनवरची मर्यादा आपण आपल्या फोनवर बंद केली, पण वापरणाऱ्याच्या फोनवर ती चालूच असणार. अँड्रॉइड 9 पासून समोर उघड्या असलेल्या ॲपला दोन मिनिटांत चारच स्कॅन करता येतात. सामान्य चालीने, सेकंदाला 1.2 मीटर वेगाने चालणारा माणूस दोन स्कॅनच्या मधल्या तीस सेकंदांत 36 मीटर पुढे जातो. आयफोनवर तर सामान्य ॲपला आजूबाजूच्या ॲक्सेस पॉइंटची तीव्रता मिळतच नाही. तेव्हा आपण मोजलेली अचूकता ही एका जागी उभ्या असलेल्या, विशेष सवलत मिळालेल्या फोनची अचूकता होती. तिला दिशादर्शन म्हणता येणार नाही.

नॅनोसेकंद

माझे मत थोडे वेगळे आहे. सिग्नलच्या तीव्रतेवरून अंतर ओळखणे हा मार्गच मुळात अडचणीचा आहे. अंतर वेळेवरून मोजावे. प्रकाश एका नॅनोसेकंदात 30 सेंटिमीटर जातो. अल्ट्रा-वाइडबँड या रेडिओ तंत्राचे स्पंद 500 मेगाहर्ट्झ किंवा त्याहून रुंद पट्टा वापरतात, त्यामुळे सरळ आलेला स्पंद आणि भिंतीवर आपटून उशिरा आलेला स्पंद वेगळे ओळखता येतात, आणि समोरासमोर अडथळा नसेल तर 10 ते 30 सेंटिमीटरपर्यंतची अचूकता मिळते. वाय-फायच्या 20 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हीच विभेदनक्षमता सुमारे 15 मीटर आहे. म्हणजे खोलीतले सगळे प्रतिध्वनी एकाच ढिगात जमा होतात. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने 2002 मध्ये 3.1 ते 10.6 गिगाहर्ट्झचा पट्टा यासाठी खुला केला आणि 2019 पासून ही चिप काही फोनांतही येऊ लागली. शक्य असल्यास आपल्या इमारतीत थोडे अँकर, म्हणजे ठरावीक जागी बसवायची अशी उपकरणे, बसवून पाहा.

चौथामजला (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. नॅनोसेकंद, अँकर बसवण्याची परवानगी मला मिळणार नाही, हे मी वर लिहिले आहे. मात्र आपला वेळेचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. वाय-फायमध्येच वेळ मोजण्याची जी सोय आहे, ती माझ्यासारख्याला उपयोगी पडेल का?

नॅनोसेकंद

परवानगीविषयीचे आपले वाक्य माझ्याकडून दुर्लक्षित झाले, क्षमस्व. आपण म्हणता ती सोय वाय-फायच्या 802.11 या मानकाच्या 2016 सालच्या आवृत्तीत आली आणि 2018 मध्ये अँड्रॉइड 9 ने तिला आधार दिला. फोन संदेश पाठवतो, ॲक्सेस पॉइंट उत्तर देतो, आणि जाण्यायेण्याच्या एकूण वेळेतून उत्तर तयार करण्याचा वेळ वजा केला की अंतर मिळते. दोघांची घड्याळे जुळवावी लागत नाहीत, हे तिचे मोठे सौंदर्य आहे. 80 मेगाहर्ट्झचा पट्टा आणि मोकळी दृष्टिरेषा असेल तर एक-दोन मीटरची अचूकता मिळू शकते. अट एकच, की बसवलेल्या ॲक्सेस पॉइंटमध्ये ती सोय चालू हवी, आणि पुष्कळ इमारतींत ती नसते. एक साधे ॲप घेऊन कोणकोणते ॲक्सेस पॉइंट उत्तर देतात ते अर्ध्या तासात पाहता येईल. तीन-चार जरी निघाले तरी त्यांची अंतरे फिंगरप्रिंटला जोड म्हणून घ्या. भिंत किंवा शरीर आड आले की मोजलेले अंतर जवळजवळ नेहमी खऱ्यापेक्षा जास्तच येते, कमी क्वचितच, ही गोष्ट गणित मांडताना लक्षात ठेवा.

पाऊलमोजणी

तरंगलांबी यांनी दाखवलेली तीस सेकंदांची पोकळी भरायची कशी, हा या धाग्यातला कळीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर फोनच्या आतच आहे.

ॲक्सेलरोमीटरने प्रवेग मिळतो, म्हणून त्याचे दोनदा संकलन करून अंतर काढावे असे सुरुवातीला प्रत्येकाला वाटते. मलाही वाटले होते. परंतु प्रवेगात 0.1 मीटर प्रति वर्ग सेकंद इतकी लहानशी स्थिर चूक असली तरी दहा सेकंदांत ती 5 मीटर आणि एका मिनिटात 180 मीटर होते, कारण ती वेळेच्या वर्गाने वाढते. यावर एरिक फॉक्सलिन यांनी 2005 मध्ये मांडलेला उपाय मला आजही अतिशय सुंदर वाटतो: संवेदक बुटावर बांधायचा. चालताना प्रत्येक पावलाला टाच क्षणभर जमिनीवर स्थिर असते; त्या क्षणी वेग शून्य आहे हे आपल्याला निश्चित ठाऊक असते, म्हणून दर पावलाला साठलेली चूक पुसून टाकता येते. फोन हातात किंवा खिशात असतो, त्यामुळे तिथे ही सोय नाही. तिथे पावले मोजायची, प्रवेगाच्या चढउतारावरून पावलाची लांबी अंदाजायची आणि जायरोस्कोपवरून वळण ओळखायचे, एवढेच शक्य असते. पावलांची संख्या बरीच बरोबर येते. दगा देते ती दिशा. चाळीस मीटरच्या कॉरिडॉरमध्ये दहा अंशांची चूक म्हणजे शेवटी बाजूला सुमारे सात मीटरचे घसरणे, आणि ते थेट भिंतीतून.

पण भिंतीतून माणूस जात नाही, हेच इथे आपले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासू संवेदक आहे. इमारतीचा नकाशा घ्या, वापरणारा जिथे असू शकेल अशा हजारएक शक्यता नकाशावर पसरा, प्रत्येक पावलाला त्या थोड्याफार वेगवेगळ्या लांबी-दिशांनी पुढे न्या, आणि जी शक्यता भिंत ओलांडते ती रद्द करा. यालाच पार्टिकल फिल्टर म्हणतात. दोन वळणे झाली की बहुतेक खोट्या शक्यता गळून पडतात. वाय-फायची नोंद तीस सेकंदांनी आली तरी चालते, कारण तिचे काम आता मीटर सांगण्याचे राहत नाही. आपण इमारतीच्या पूर्व भागात आहोत की पश्चिम भागात, एवढे सांगितले तरी पुरते.

होकायंत्रावर लोखंडी सांगाड्याच्या इमारतीत विसंबू नका. मात्र याच विकृतीचा उलटा उपयोगही होतो: स्तंभ, लिफ्ट आणि दरवाज्यांजवळ चुंबकीय क्षेत्र ठरावीक पद्धतीने वाकते, आणि कॉरिडॉरमधून चालताना त्याचा जो आलेख मिळतो तो त्या कॉरिडॉरची ओळख ठरू शकतो. फिनलंडमधील औलू विद्यापीठातून निघालेल्या इनडोअरॲटलस या कंपनीने 2012 पासून याच कल्पनेवर काम उभे केले.

मजल्यासाठी बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजणारा संवेदक, वापरा. जमिनीजवळ सुमारे 8 मीटर चढल्यावर हवेचा दाब 1 हेक्टोपास्कलने कमी होतो. म्हणजे साडेतीन मीटरचा मजला 0.4 हेक्टोपास्कलच्या आसपास. फोनमधील बॅरोमीटर एवढा बदल सहज पकडतो. पण हवामानामुळे काही तासांत याहून कितीतरी जास्त बदल होतो, तेव्हा दाबाच्या मूळ आकड्यावरून मजला ठरवू नका. अर्ध्या मिनिटात दाब किती बदलला एवढेच पाहा, आणि मजला बदलल्याचा निर्णय जिना किंवा लिफ्ट जवळ असेल तरच मान्य करा. आपल्या नवांपैकी एका चुकीतला मोठा भाग केवळ या नियमाने जावा.

पांढरीकाठी

मी संशोधक नाही. मला जवळजवळ दिसत नाही, आणि अशा प्रणाली मी वापरून पाहिलेल्या आहेत, म्हणून लिहीत आहे.

आपण सर्व जण मीटरमध्ये बोलत आहात. मला मीटरपेक्षा बाजू महत्त्वाची असते. कॉरिडॉरच्या लांबीच्या दिशेने तीन मीटर चूक झाली तर काठीने आणि हाताने मी दार शोधते. परंतु एक मीटरची चूक भिंतीच्या पलीकडे गेली, तर मला शेजारच्या कॉरिडॉरमधल्या सूचना ऐकू येऊ लागतात. नकाशावर ते दोन बिंदू एकमेकांना खेटून असतात, पायांना ते पन्नास पावलांवर असतात. त्रुटी मोजताना सरळ रेषेऐवजी चालण्याचे अंतर घ्यावे, ही माझी आपल्याला पहिली विनंती.

दुसरी गोष्ट वेळेची. एका मोठ्या इमारतीत ॲपने मला ‘उजवीकडे वळा’ असे सांगितले तेव्हा वळण मागे पडले होते. स्थान कदाचित बरोबर असेल, पण ते दोन सेकंदांपूर्वीचे होते आणि बोलण्यात आणखी दोन सेकंद गेले. समोर उतरता जिना होता. काठीमुळे मी थांबले, तरी त्या दिवसापासून मी अशा कोणत्याही ॲपला विचारते की तुला आत्ता खात्री नसेल तर तू काय करतोस. बहुतेक ॲप तेवढ्याच ठाम आवाजात बोलत राहतात. मला ‘स्थान निश्चित नाही, कृपया थांबा’ हे वाक्य ऐकायला आवडेल. त्याने माझा विश्वास वाढतो.

तिसरे असे की हे अशक्य नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि आयबीएम यांनी मिळून तयार केलेली नॅवकॉग ही प्रणाली ब्लूटूथ बीकन (सतत सिग्नल देणारी छोटी उपकरणे) आणि फोनचे संवेदक एकत्र वापरते, आणि तिची चाचणी टोकियोतील मोठ्या व्यापारी संकुलात अंध वापरकर्त्यांसह झाली. त्या कामात पुढाकार घेणाऱ्या चिएको असाकावा स्वतः अंध आहेत. वळणाआधी किती अंतरावर सूचना द्यावी, कोणत्या शब्दांत द्यावी, या गोष्टींचा अशा गटात मीटरइतकाच विचार होतो. आपला मित्र इमारतीत फिरला तसे एकदा आमच्यापैकी कुणाला फिरवून पाहा. मी आनंदाने येईन.

चौथामजला (प्रश्नकर्ता)

गेला आठवडा नव्या विभागणीत गेला, निकाल मांडतो. संपूर्ण बिंदू बाहेर ठेवल्यावर 1.7 चे 3.4 मीटर झाले. संपूर्ण कॉरिडॉर बाहेर ठेवल्यावर 4.8. मित्राच्या नोंदींवर मूळ 6.9 होते; एकाच डब्याचे अनेक पत्ते एकत्र केले, हॉटस्पॉट काढले आणि तीव्रतेऐवजी फरक घेतले, तेव्हा ते 5.2 वर आले. म्हणजे एकाही नव्या नोंदीशिवाय एवढी सुधारणा झाली, आणि बिंदू दाट करण्यात जे दोन महिने जाणार होते ते वाचले. दुसऱ्या मजल्यावरचे दोन ॲक्सेस पॉइंट मधल्या काळात हलवले गेले होते, हेही या निमित्ताने उघड झाले. मजल्याच्या निम्म्याहून अधिक चुका त्यांच्याच आसपास होत्या. वेळ मोजण्याची सोय मात्र एकाही ॲक्सेस पॉइंटमध्ये चालू निघाली नाही.

आता पाऊलमोजणी यांनी सांगितल्याप्रमाणे नकाशा आणि पार्टिकल फिल्टर यांकडे वळत आहे. पांढरीकाठी, आपली विनंती मी मार्गदर्शकांपुढे ठेवली. चालण्याच्या अंतरावर आधारित त्रुटी हा प्रबंधाचा स्वतंत्र भाग करायचे ठरले आहे, आणि चाचणीचे निमंत्रण आपल्याला वेगळे पाठवतो. ज्या ज्या वेळी जिवंत शक्यता नकाशावर दोन वेगळ्या कॉरिडॉरमध्ये विभागलेल्या असतील, त्या वेळी प्रणालीने सूचना न देता थांबायला सांगावे, असा नियम मी लिहितो आहे.

एक अडचण उरते. माणूस चालत असताना त्याचे खरे स्थान नोंदवायचे कसे? बिंदूवर उभे राहून घेतलेल्या नोंदींत हा प्रश्नच नव्हता.

कसोटी

जमिनीवर दर पाच-सहा मीटरवर, आणि प्रत्येक वळणावर व दारासमोर, रंगीत चिकटपट्टीच्या खुणा करा. त्यांची स्थाने फीत धरून भिंतींपासून मोजा. चालणाऱ्याने नेहमीच्या चालीने जावे, खुणेसाठी थांबू नये, आणि खुणेवरून जाताना बटण दाबावे. दोन खुणांच्या मधली स्थाने वेगावरून काढू नका. फक्त खुणांवरच त्रुटी मोजा. बटण दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला तर सेकंदाला 1.2 मीटर चालीने 60 सेंटिमीटरची चूक तिथेच शिरते, म्हणून एकाच मार्गाची दोन्ही दिशांनी फेरी घ्या आणि दोन्हींतील त्रुटी एकाच बाजूला झुकते का ते तपासा. पांढरीकाठी यांच्या फेरीत मात्र बटण त्यांच्या हाती देऊ नका. एका सोबत्याने मागून चालत ते दाबावे, म्हणजे त्यांचे लक्ष सूचनांवर आणि काठीवर राहील.